उच्च रक्तदाब : औषधारंभ की आहार-व्यायामातील बदल? – एक विवेचन

प्रस्तावना

वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्या, एरवी निरोगी अशा एखाद्या अध्यापकाचा रक्तदाब वार्षिक तपासणीत १४६/९४ आढळतो. कोणताही त्रास होत नसतो. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, तास नेहमीप्रमाणे चालू असतात. वैद्य गोळी लिहून देतात. घरी व शिक्षक-कक्षात मात्र एकच सल्ला मिळतो : "गोळी एकदा सुरू झाली की आयुष्यभराची, आधी मीठ कमी करा, फिरायला जा." यातून औषध आणि जीवनशैली ही जणू एकमेकांच्या विरोधातील दोन पक्षांची नावे आहेत, असा समज दृढ होतो. हा समज कितपत शास्त्राधारित आहे, आहार व व्यायाम यांनी दाब नेमका किती उतरतो आणि कोणत्या रुग्णाने किती काळ थांबणे सुरक्षित आहे, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न केवळ व्यक्तिगत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष व २१ टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा तो काबूत ठेवण्यासाठी ते औषध घेत होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दाब वाढणे हा शरीराने केलेला आवश्यक समायोजनाचा भाग असावा आणि तो उतरवणे अपायकारक ठरेल, असे मत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक नामांकित वैद्यांचे होते. प्रभावी व सुसह्य औषधे त्या वेळी उपलब्धही नव्हती. १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू पावलेले अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब कित्येक वर्षे चढत गेला होता. उत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असूनही विश्रांती, कमी मिठाचा आहार व काही जुजबी औषधे यांपलीकडे त्यांच्या वैद्यांना जाता आले नाही.

त्याच दशकात ड्यूक विद्यापीठातील वॉल्टर केम्पनर यांनी भात, फळे व साखर एवढ्यावरच रुग्णांना ठेवून अतिशय वाढलेला दाबही खाली आणता येतो हे दाखवले. या आहारात मीठ जवळजवळ नव्हतेच. आहाराने दाब उतरतो हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. परंतु असा आहार वर्षानुवर्षे पाळणे सामान्य माणसाला अशक्यप्राय होते, हेही तितकेच सिद्ध झाले.

औषधांच्या बाजूचा एक महत्त्वाचा दुवा मुंबईतील आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील परिणाम प्रसिद्ध केला आणि या भारतीय वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. खिन्नता आणणे हा या द्रव्याचा दोष पुढे लक्षात आला व त्याचा वापर मागे पडला. "वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी" असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे.

औषधांनी केवळ आकडा नव्हे तर आयुष्यही सुधारते, याचा पहिला भक्कम पुरावा १९६७ मध्ये पुढे आला. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांवर चाचणी झाली. निम्म्यांना तीन औषधे देण्यात आली (त्यांपैकी एक रेसरपिन होते) आणि उरलेल्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर उपद्रव झाले. औषध घेणाऱ्यांत केवळ दोघांना. इतका तीव्र दाब असताना 'आधी पथ्य करून पाहू' म्हणणे किती महाग पडू शकते, हे या आकड्यांवरून कळते. अर्थात १४६/९४ चा रुग्ण या गटातला नव्हे, आणि खरा वाद त्याच्यासंबंधीच आहे.

आहार व व्यायाम यांचे सामर्थ्य

१९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॅश' या चाचणीत ४५९ प्रौढांना आठ आठवडे ठरावीक आहार देण्यात आला. फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ यांनी समृद्ध आणि संपृक्त स्निग्धांश कमी असलेल्या आहाराने नेहमीच्या अमेरिकी आहाराच्या तुलनेत वरचा दाब सरासरी ५.५ मि.मी. उतरला, मुळात उच्च रक्तदाब असणाऱ्यांत ही घट ११.४ मि.मी. होती. मीठ व वजन दोन्ही स्थिर ठेवले असतानाचा हा परिणाम आहे, आणि तो दोन आठवड्यांतच दिसू लागला होता. २००१ च्या पुढील चाचणीत याच आहाराला मीठ कमी करण्याची जोड दिली असता परिणाम आणखी वाढला. तुलनेसाठी सांगायचे तर नेहमीच्या मात्रेतील एखाद्या औषधाने वरचा दाब सरासरी ९ मि.मी.च्या आसपास उतरतो. म्हणजे कागदावर तरी आहार औषधाच्या तोडीस तोड ठरतो.

'कागदावर' हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. डॅश चाचणीतील व्यक्तींना अन्न संशोधकांच्या स्वयंपाकघरातून मिळत होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रीमियर' चाचणीत ८१० व्यक्तींनी स्वतः बाजारहाट करून, स्वतःच्या घरी शिजवून हेच बदल करावयाचे होते आणि त्यांना वारंवार मार्गदर्शन मिळत होते. केवळ एकदा सल्ला मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्यांची जादा घट जेमतेम ४ मि.मी. भरली. आहारशास्त्र तेच असले तरी दुसऱ्या चाचणीत घर, सवय आणि वेळ यांचा हिशेबही धरावा लागला. नियमित चालणे वा तत्सम व्यायामाने दाब साधारण ४ ते ५ मि.मी. उतरतो आणि वजनात होणाऱ्या प्रत्येक किलो घटीमागे सुमारे १ मि.मी. या सर्व घटी एकत्र केल्या तरी त्यांची सरळ बेरीज होत नाही.

मिठाबाबत महाराष्ट्रातील परिस्थिती वेगळी आहे. पाश्चात्त्य देशांत बहुतांश मीठ कारखान्यात तयार झालेल्या खाद्यपदार्थांतून पोटात जाते. आपल्याकडे ते मुख्यतः घरच्या स्वयंपाकातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा आहे, आणि भारतीय आहारातील प्रमाण त्याहून बरेच अधिक आढळते. ताटात वरून मीठ घेणे बंद केले की काम झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पोळीची कणीक, आमटी, भाजी, कोशिंबीर यांतील मीठ तसेच राहते आणि त्यावर लोणचे, पापड, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कोकणात सुकी मासळी यांची भर पडते. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतेच. उपवासाला चालणारे सैंधव रक्तदाबालाही चालते, ही समजूत तर सुशिक्षित घरांतही आढळते; सैंधव हे प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच होय. घरातील स्वयंपाक बहुधा एकाच भांड्यात होत असल्यामुळे मीठ कमी करण्याचा निर्णय एकट्या रुग्णाचा राहत नाही. तो घरातील सर्वांचा आणि विशेषतः स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचा होतो. वैद्याच्या खोलीत मात्र सल्ला एकट्या रुग्णालाच दिला जातो.

सोडियमचा काही भाग पोटॅशियमने बदललेले मीठ हा एक व्यवहार्य मार्ग आहे. चीनमधील ६०० खेड्यांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. तथापि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा शरीरात पोटॅशियम साठवणारी औषधे घेणाऱ्यांनी ते वैद्याच्या सल्ल्यावाचून वापरू नये.

दोहोंची प्रत्यक्ष तुलना

सौम्य उच्च रक्तदाबाच्या संदर्भात १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली 'टॉम्स' ही चाचणी विशेष उद्बोधक आहे. तीत ४५ ते ६९ वयाच्या ९०२ व्यक्तींना वजन, मीठ, मद्य व व्यायाम यांविषयी सातत्याने मार्गदर्शन देण्यात आले. त्याशिवाय काहींना पाचपैकी एक औषध व काहींना निष्क्रिय गोळी मिळाली. चार वर्षांच्या पाठपुराव्यात केवळ जीवनशैली बदलणाऱ्या गटाचा दाब सरासरी ९.१/८.६ मि.मी. उतरला, औषधाची जोड मिळालेल्या गटाचा १५.९/१२.३ मि.मी. उतरला. जीवनशैलीचा परिणाम खरा असतो आणि औषध त्यात भर घालते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. एकाने दुसऱ्याची जागा घेतल्याचे त्यात दिसत नाही.

"गोळी आयुष्यभराची" या भीतीचे उत्तर १९९८ च्या 'टोन' चाचणीत अंशतः सापडते. ६० ते ८० वयाच्या, एका औषधावर दाब आटोक्यात असलेल्या ९७५ व्यक्तींची औषधे वैद्यकीय देखरेखीखाली थांबवण्यात आली. त्यांतील स्थूल व्यक्तींपैकी ज्यांनी मीठ व वजन दोन्ही कमी केले, त्यांचा दाब पुन्हा वाढण्याचा वा औषध पुन्हा लागण्याचा संभव काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत साधारण निम्म्यावर आला. गोळी सुटू शकते, पण ती सोडवण्याची क्षमता बदललेल्या सवयींत असते. आकडा नॉर्मल आला म्हणून परस्पर गोळी थांबवणे ही निराळी गोष्ट आहे. तो आकडा गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

किती काळ थांबावे?

या मुद्द्यावर तज्ज्ञांतही एकवाक्यता नाही. आंतरराष्ट्रीय उच्च रक्तदाब संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनुसार १४०-१५९/९०-९९ या पहिल्या श्रेणीत, अन्य कोणताही धोका नसलेल्या रुग्णास ३ ते ६ महिने केवळ जीवनशैलीवर ठेवून पाहण्यास हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस मात्र १४०/९० वर निदान निश्चित झाल्यापासून चार आठवड्यांच्या आत औषध सुरू करावे, अशी आहे. अमेरिकेने २०१७ मध्ये निदानाची सीमाच १३०/८० वर आणली. परंतु १३०-१३९ या पट्ट्यात औषध केवळ जोखीम अधिक असणाऱ्यांना सुचवले.

हा फरक गोंधळाचा नसून परिस्थितीचा आहे. तीन महिन्यांनी रुग्ण नक्की परत येईल अशी खात्री असलेल्या व्यवस्थेत थांबणे शहाणपणाचे ठरते. जेथे रुग्ण एकदा गेला की दोन वर्षांनी छातीत दुखल्यावरच परततो, तेथे 'थांबून पाहू' याचा अर्थ व्यवहारात 'उपचार नाही' असाच होतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हे ओळखून, महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा या जिल्ह्यांसह पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत ठरावीक व स्वस्त औषधांचा क्रम आणि नोंदीनुसार पाठपुरावा यांवर भर दिला.

काही रुग्णांना थांबण्याची मुभा नाही, यावर मात्र मतभेद नाही. दाब १६०/१०० वा अधिक असेल, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असेल, पूर्वी हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात झाला असेल, किंवा हृदय, डोळ्याचा पडदा व लघवीतील प्रथिने यांच्या तपासणीत अवयवांना इजा झाल्याचे दिसत असेल, तर औषध व जीवनशैली दोन्ही एकाच दिवशी सुरू व्हावयास हवीत. यामागील तर्क सोपा आहे. वरचा दाब ५ मि.मी. ने उतरला की हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर विकार सुमारे १० टक्क्यांनी घटतात, हे २०२१ मध्ये अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले. ज्याची मूळ जोखीम मोठी, त्याला त्याच १० टक्क्यांतून होणारा प्रत्यक्ष लाभही मोठा.

औषधाला किंमत पडते, हे लपवण्याचे कारण नाही. अम्लोडिपीनने पायांवर सूज येऊ शकते, एनालाप्रिल वा रॅमिप्रिलने कोरडा खोकला, क्लोरथॅलिडोनने रक्तातील सोडियम व पोटॅशियम घटू शकते. २०१५ च्या 'स्प्रिंट' चाचणीत वरचा दाब १२० च्या खाली आणल्याने मृत्यू घटले, पण दाब अति उतरणे, मूर्च्छा व मूत्रपिंडावरील ताण यांच्या घटना वाढल्या. त्रास झाल्यास मात्रा वा औषध बदलता येते. बहुतेक रुग्ण मात्र वैद्याला न सांगता गोळीच सोडतात.

निर्णयापूर्वीची मोजणी

या सर्व चर्चेआधीची एक पायरी नेहमी दुर्लक्षित राहते. १४६/९४ हा आकडा खरा आहे काय? जिना चढून आल्यावर, चहा घेतल्यावर, बोलता बोलता, सदऱ्याच्या बाहीवरून घेतलेले मोजमाप निर्णयास पुरेसे नाही. पाच मिनिटे शांत बसून, पाठीस आधार व दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, दंडाच्या घेराला योग्य अशा पट्ट्याने, वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा मोजणी व्हावी. काहींचा दाब केवळ वैद्यासमोर वाढतो. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलेली सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर औषधाची घाई नको. उलट काहींचा दाब दवाखान्यात ठीक व घरी अधिक असतो, आणि हा प्रकार सहज निसटतो. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही दाब वाढतो. तशी विचारणा प्रथमच व्हावी. तरुण वयात अचानक फार वाढलेला दाब आढळल्यास मूत्रपिंड व अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचा शोध घेणे आवश्यक ठरते.

प्रस्तावनेतील अध्यापकास मधुमेह नाही, तो तंबाखू सेवन करीत नाही, लघवी व हृदयालेख निर्दोष आहेत आणि घरची सरासरी १४१/९० आहे असे मानले, तर त्याने तीन महिन्यांची मुदत मागणे समर्थनीय आहे. मात्र त्या मुदतीची अखेरची तारीख वैद्याकडे नोंदलेली असावी, मध्यंतरीचे आकडे वहीत लिहिलेले असावेत, घरातील महिन्याकाठी संपणाऱ्या मिठाचे वजन ठाऊक असावे, आणि त्या तारखेला सरासरी १४० च्या वर राहिल्यास गोळी त्याच भेटीत सुरू व्हावी. परीक्षांचा हंगाम आला म्हणून ती तारीख पुढे ढकलली जाते, हा अनेक वैद्यांचा नित्याचा अनुभव आहे.