तहान न सांगणारे मूल

उन्हाळ्यात उल्हास नदीकाठच्या मोहने-आंबिवली परिसरात खेळून दमलेली मुले आपणहून माठाकडे धावतात. स्वमग्न मूल मात्र कधी कधी दिवसभर दोन-चार घोटांवर राहते. घरची मंडळी 'फार हट्टी आहे' म्हणतात. पण याला हट्ट म्हणणे बरोबर नाही.

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम. अशा अनेक मुलांना तहान लागल्याचे नीट उमगत नाही. उमगले तरी सांगता येत नाही. काहींना पेल्याचा काठ किंवा पाण्याचा गारवा खटकतो. आपल्याला न जाणवणारा क्लोरीनचा वास त्यांना उग्र वाटतो. एखादे मूल शाळेतील संडासाच्या फ्लशला घाबरून पाणीच टाळते. म्हणून आधी कारण शोधावे. मूल कधी, कशातून, किती पिते, याची चार दिवस वहीत नोंद ठेवावी.

चार ते आठ वर्षांच्या मुलाला दूध धरून दिवसाला साधारण सव्वा लिटर पेय पोटात जायला हवे. उन्हाळ्यात व तापात अधिक. पाणी कमी पडले की लघवी गडद पिवळी व थोडी होते, ओठ सुकतात, शौचास खडा होतो. या मुलांमध्ये बद्धकोष्ठाची तक्रार मुळातच अधिक आढळते. पोट दुखते हे सांगता न आल्याने मूल चिडते, डोके आपटते, आणि खरे कारण बाजूलाच राहते.

उपाय साधे आहेत. पेला मुलाच्या आवडीचा, नेहमी तोच ठेवावा. पेला नको असेल तर स्ट्रॉ देऊन पाहावी. उठल्यावर, शाळेतून आल्यावर, खेळून झाल्यावर अशा पाण्याच्या वेळा ठरवाव्यात आणि पेल्याचे चित्र भिंतीवर लावावे. सुरुवात एका घोटाने करावी. घोट घेतला की लगेच शाबासकी द्यावी. एका वेळी एकच बदल करावा. नाक दाबून, धरून पाणी मुळीच पाजू नये. ठसका लागतो आणि पाण्याची धास्ती बसते. जोडीला पातळ ताक, पेज, वरणाचे पाणी, कलिंगड, काकडी द्यावी. सरबताची सवय लागल्यास साखर हळूहळू कमी करावी. शाळेतील बाईंनाही हे सारे सांगून ठेवावे.

मुलाला सहा-आठ तास लघवी झाली नाही, ते मलूल पडले, डोळे खोल गेले किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे. मूल एकाएकी फार पाणी पिऊ लागले तरीही तपासणी करून घ्यावी.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. मूल उशिरा बोलत असेल, नजरेला नजर देत नसेल, तर तेथे जरूर विचारावे. आज घेतलेला एक घोट उद्या दोन होतील. पालकांनी धीर मात्र सोडू नये.