कासवाचा ताप

जंतुसंसर्ग झाला की आपलं अंग आतून तापतं. कासवाला ही सोय नाही. त्याच्या शरीराचं तापमान भोवतालच्या पाण्यावर आणि हवेवर ठरतं, त्यामुळे आजारपणात ऊब हवी असेल तर ती जिथे असेल तिथे त्याला स्वतः जावं लागतं. रानात ते उन्हात तापलेल्या ओंडक्यावर चढून बसतं. दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत मात्र अशी जागा बहुधा नसतेच.

या उबेचं मोल किती, हे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखवून दिलं. त्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना ‘एरोमोनास’ या जिवाणूचा संसर्ग घडवला आणि त्यांना वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. ४० ते ४२ अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेल्यांपैकी बरेचसे जगले; ३४ अंशांतले भराभर मेले. मोकळं सोडलं तर आजारी सरडे आपणहून जास्त गरम जागा निवडतात, हेही याच काळात दिसून आलं होतं. सरपटणाऱ्या प्राण्यांचा ताप हा असा चालत जाऊन मिळवायचा असतो. आणि हाच एरोमोनास अस्वच्छ पाण्यात वाढतो, कासवांनाही आजारी पाडतो.

आपल्याकडे घरोघरी दिसणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव म्हणजे ‘रेड-इअर्ड स्लायडर’. ते मूळचं मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. त्याच्यासाठी पाणी साधारण २४ ते २८ अंश आणि ऊन खाण्याची कोरडी जागा ३० अंशांच्या थोडी वर असावी लागते. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर नसलेल्या टाकीतलं पाणीही गारठतं. कासव खायचं थांबतं, सुस्तावतं. ‘थंडीत झोपतंय’ असं घरचे समजतात. पण मूळ प्रदेशातली हिवाळी विश्रांती वेगळी. ती निरोगी, तयारीत असलेल्या प्राण्याची असते. इथे तापमान अर्धवट उतरतं, कासवाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि जंतूंना मात्र पाणी पुरेसं उबदार असतं.

त्यातून होणारा एक घातक आजार म्हणजे न्यूमोनिया. कासवाच्या बरगड्या कवचाशी एकजीव झालेल्या असतात, त्यामुळे त्याची छाती फुगत नाही. आपल्यासारखं श्वासपटलही त्याला नाही. पायांजवळच्या आणि पोटाच्या स्नायूंनी ते हवा आत-बाहेर करतं. म्हणून त्याला जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. फुप्फुसं पाठीच्या कवचाखाली असतात आणि तरंगण्याचा तोलही तीच सांभाळतात. एका फुप्फुसात कफ साचला की कासव एका बाजूला कलून पोहू लागतं. कलणं, नाकातोंडातून बुडबुडे, मान ताणून तोंड उघडं ठेवणं, यांपैकी काहीही दिसलं तर उद्याची वाट पाहू नये. पशुवैद्याकडे, शक्यतो सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्याकडे, त्याच दिवशी न्यावं.

तोवर घरी करण्यासारखं मोठं काम एकच: ऊब देणं. ऊबही हळूहळू वाढवायची, थर्मामीटर लावून. अशक्त कासव पाण्यात बुडू शकतं. त्यामुळे त्याला बराच वेळ उबदार, कोरड्या जागी ठेवून अधूनमधून कोमट, उथळ पाण्यात बसवावं. गार अंगाने खाल्लेलं पचत नाही. म्हणून आधी ऊब, मग अन्न, आणि तोंडात जबरदस्तीने काहीही कोंबायचं नाही. एक इशारा फार कळकळीने द्यावासा वाटतो: कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही देऊ नका. ते त्याच्या मेंदूपर्यंत पोचतं आणि जीव घेतं.

औषधांचा वेगही कासवाच्या चयापचयासारखाच संथ. सेफ्टाझिडीमसारखं प्रतिजैविक बऱ्याचदा तीन दिवसांतून एकदाच टोचतात, तेही सहसा पुढच्या पायात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांकडे वळू शकतं. दोन इंजेक्शनांनंतर कासव हालचाल करू लागलं म्हणून उपचार सोडले तर आजार उलटतो. बरं व्हायला कित्येक आठवडे लागतात, आणि ते द्यायलाच हवेत.

सुजून मिटलेले डोळे ही दुसरी नेहमीची तक्रार. लोक डोळ्यांत थेंब घालत राहतात, पण दोष अनेकदा ताटात असतो. वर्षानुवर्षं नुसती सुकी कोळंबी खाऊन ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं, डोळ्यांच्या ग्रंथींची तोंडं बुजतात. याच कमतरतेतून कानाच्या जागी गाठही येते. तिच्यातला पू पनीरासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. ‘अ’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मात्र अंदाजाने देऊ नये, जास्त झालं तर कातडी सोलवटते. कवच मऊ पडणं हा कॅल्शियमचा आणि अतिनील-बी किरणांचा तुटवडा. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतात, म्हणून थेट ऊन किंवा त्यासाठीचा खास दिवा हवा. थेट उन्हात ठेवताना सावलीचा कोपराही हवाच, नाहीतर उथळ पाणी बघता बघता जीवघेणं तापतं.

कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याची टाकी स्वयंपाकघरात घासू नये. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. लहान मुलांना होणाऱ्या या संसर्गामुळेच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली.

कासवाच्या आजारपणाला कंटाळून कोणी त्याला तळ्यात किंवा देवळाच्या विहिरीत सोडतं. त्याने त्याचे हाल संपत नाहीत. जगलंच तर ते इथल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत हे स्लायडर कासव आहे. सांभाळणं खरोखर शक्य नसेल तर पशुवैद्याला किंवा प्राणी-बचाव संस्थेला विचारून दुसरं घर शोधावं. आणि घरात असलेलं कासव स्लायडर नसून तारांकित किंवा दुसरं एखादं भारतीय कासव असेल, तर ते पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ते आजारी असो वा धडधाकट, वनविभागाला कळवायला हवं. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे.