उलट्या कलाच्या मतदारसंघातला मध्यममार्गी खासदार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ जागा आहेत आणि त्या सगळ्या दर २ वर्षांनी नव्याने लढवल्या जातात. बहुतेक ठिकाणी कोणता पक्ष जिंकणार हे प्रचार सुरू होण्याआधीच दिसत असतं. खरी चुरस असते ती मोजक्या जागांवर. त्यातही सर्वात अवघड जागा म्हणजे मतदारसंघाचा कल एका पक्षाकडे आणि खासदार दुसऱ्या पक्षाचा. असा खासदार मध्यममार्गी असेल आणि पहिल्यांदाच निवडून आला असेल, तर दुसऱ्या निवडणुकीत त्याचं काय होतं? ‘तो टिकणं शक्यच नाही’ असं काही जण छातीठोकपणे सांगतात. ‘मध्यम मार्ग सोडला नाही तर लोक पाठीशी राहतातच’ असं इतर काही जण तितक्याच खात्रीने सांगतात. प्रत्यक्ष निकाल पाहिले, तर दोन्ही दावे अपुरे ठरतात.

गैरसमज १: मतदारसंघाचा कल विरोधात असेल, तर पराभव ठरलेलाच.

वस्तुस्थिती: मेन राज्याचा दुसरा मतदारसंघ पाहा. जंगलांचा, बंद पडलेल्या कागद गिरण्यांचा, किनाऱ्यावर लॉब्स्टर पकडून पोट भरणाऱ्यांचा हा विस्तीर्ण ग्रामीण भाग. मेन राज्यात अध्यक्षपदाचा निकाल मतदारसंघनिहायही धरला जातो, त्यामुळे इथला कल लपून राहत नाही. २०१६, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही वेळा ट्रम्प यांनी इथून एक निर्वाचक मत मिळवलं. तरीही २०१८ मध्ये इथून डेमोक्रॅटिक पक्षाचे जॅरेड गोल्डन निवडून आले. इराक आणि अफगाणिस्तानात सेवा केलेले हे माजी मरीन सैनिक. त्यांची पहिली टर्म संपली तेव्हा, २०२० मध्ये, याच मतदारसंघात ट्रम्प सुमारे ७ टक्क्यांनी पुढे होते आणि गोल्डन सुमारे ६ टक्क्यांनी विजयी झाले. एकाच मतपत्रिकेवर एक खूण ट्रम्प यांच्यासमोर आणि दुसरी गोल्डन यांच्यासमोर करणारे मतदार हजारोंच्या संख्येने होते.

मात्र असे मतदार कमी होत चालले आहेत. अध्यक्षपदासाठी एक पक्ष आणि प्रतिनिधिगृहासाठी दुसरा, असा कौल २००८ मध्ये ८३ मतदारसंघांनी दिला होता. २०१६ मध्ये ही संख्या ३५ वर आली. २०२० मध्ये ती १६ होती आणि २०२४ मध्येही १६च. म्हणजे दार बंद झालेलं नाही, पण फट खूप अरुंद झाली आहे.

गैरसमज २: पक्षापेक्षा जास्त मतं खेचणारा खासदार जागा राखतोच.

वस्तुस्थिती: इथे बेरीज-वजाबाकी करून पाहावी लागते. युटा राज्याच्या चौथ्या मतदारसंघात डेमोक्रॅट बेन मॅकॅडम्स २०१८ मध्ये अवघ्या ६९४ मतांनी जिंकले. २०२० मध्ये ट्रम्प यांनी तिथे सुमारे ९ टक्क्यांची आघाडी घेतली. मॅकॅडम्स मात्र रिपब्लिकन बर्जेस ओवेन्स यांच्याकडून सुमारे १ टक्क्यानेच हरले. म्हणजे अध्यक्षपदाच्या निकालाशी तुलना करता त्यांनी ९ टक्क्यांच्या दरीपैकी ८ टक्के भरून काढले होते. गोल्डन यांनी त्याच तुलनेत १३ टक्क्यांची मजल मारली आणि त्यांच्यापुढची दरी ७ टक्क्यांचीच होती. दोघांनीही पक्षाच्या ताकदीपेक्षा सरस कामगिरी केली. एकाला ती पुरली, दुसऱ्याला थोडक्यात पुरली नाही. उमेदवाराची स्वतःची पुण्याई आणि मतदारसंघाचा कल यांत मोठं काय, यावर निकाल ठरतो.

गैरसमज ३: पहिली निवडणूक अवघड, एकदा खासदार झालं की पुढचं सोपं.

वस्तुस्थिती: २०१८ ची निवडणूक मध्यावधी होती. ट्रम्प अध्यक्ष होते, पण मतपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं आणि वारं डेमोक्रॅट्सच्या बाजूने होतं. २०२० मध्ये त्यांचं नाव मतपत्रिकेवर आलं आणि घरी बसलेला रिपब्लिकन मतदार बाहेर पडला. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाचे १३ विद्यमान खासदार रिपब्लिकनांकडून हरले. मिनेसोटाचे जुनेजाणते कॉलिन पीटरसन सोडले, तर उरलेले १२ जण पहिल्याच टर्मचे होते. न्यूयॉर्क राज्याच्या २२व्या मतदारसंघात अँथनी ब्रिंडिसी यांची जागा केवळ १०९ मतांनी गेली, आणि तो निकाल लागायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. २ वर्षांची मुदत म्हणजे कामाला हात घालेपर्यंत पुढचा प्रचार दारात उभा असतो. लाटेवर आलेल्याने लाट ओसरण्याआधी पाय रोवले नाहीत, तर पद हाताशी असूनही फारसा आधार मिळत नाही.

गैरसमज ४: विरोधी पक्षासारखं मतदान करत राहिलं की जागा सुरक्षित.

वस्तुस्थिती: आपल्याकडे पक्षादेश मोडून सभागृहात मतदान केलं, तर पक्षांतरबंदी कायद्याखाली सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेत तसा कायदा नाही. तिथला खासदार हवं तेव्हा पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो आणि अनेक जण देतात. पण त्यालाही मर्यादा आहेत. आयडाहोच्या पहिल्या मतदारसंघातून २००८ मध्ये वॉल्ट मिनिक हे डेमोक्रॅट थोडक्या मतांनी जिंकले. हा कट्टर रिपब्लिकन भाग. मिनिक यांनी ओबामांच्या आर्थिक मदत विधेयकाविरुद्ध मत दिलं, आरोग्यविमा सुधारणेविरुद्धही दिलं. टी पार्टी एक्स्प्रेस या उजव्या गटाने त्यांना पाठिंबाही जाहीर केला होता. तरीही २०१० मध्ये राउल लाब्रादोर यांनी त्यांना सुमारे १० टक्क्यांनी हरवलं. अलाबामाचे बॉबी ब्राइट हेही पहिल्या टर्मचे, पक्षाविरुद्ध वारंवार मत देणारे. तेही त्याच वर्षी पडले. मतदाराला रिपब्लिकन मतदानच हवं असेल, तर तो सरळ रिपब्लिकन उमेदवारालाच निवडतो.

गैरसमज ५: मध्यममार्गी म्हणजे भूमिका नसलेला, कुंपणावर बसलेला.

वस्तुस्थिती: असे मध्यममार्गी बहुतेकदा स्थानिक प्रश्नावर ठाम असतात. साउथ कॅरोलायनाच्या चार्ल्सटन किनाऱ्यावरून २०१८ मध्ये डेमोक्रॅट जो कनिंगहॅम जिंकले ते समुद्रातल्या तेल-उत्खननाला विरोध करून. पर्यटन आणि मासेमारीवर जगणाऱ्या त्या पट्ट्यात हा प्रश्न पक्षाच्या पलीकडचा होता. निवडून आल्यावर त्यांनी उत्खननबंदीचं विधेयक मांडलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ते मंजूर केलं. २०२० मध्ये ते सव्वा टक्क्याच्या आसपास मतांनी हरले, पण त्यांना भूमिका नव्हती असं कोणी म्हणू शकत नाही.

गोल्डन यांचं १८ डिसेंबर २०१९ चं मतदान पाहा. ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगात दोन कलमं होती. सत्तेच्या गैरवापराच्या कलमाला त्यांनी होकार दिला, संसदेच्या कामात अडथळा आणल्याच्या कलमाला नकार. दोन कलमांवर वेगवेगळं मत देणारे ते एकटेच खासदार होते. दोन्ही बाजू नाराज होणार हे दिसत असताना घेतलेला हा निर्णय होता. ११ महिन्यांनी त्याच मतदारांनी त्यांना आधीपेक्षा मोठ्या मताधिक्याने परत पाठवलं.

गैरसमज ६: धोका फक्त समोरच्या पक्षाकडून असतो.

वस्तुस्थिती: अमेरिकेत उमेदवारी पक्षश्रेष्ठी देत नाहीत, प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात. मिशिगनचे पीटर मायर हे पहिल्या टर्मचे रिपब्लिकन. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगाच्या बाजूने त्यांनी मत दिलं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना नाकारून जॉन गिब्स यांना निवडलं. नोव्हेंबरमध्ये गिब्स हरले आणि नव्याने आखलेली ती जागा डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी शोल्टन यांच्याकडे गेली.

वॉशिंग्टन राज्याच्या तिसऱ्या मतदारसंघातही तसंच झालं. महाभियोगाला पाठिंबा देणाऱ्या रिपब्लिकन खासदार जेमी हेरेरा बॉयटलर प्राथमिक फेरीत बाद झाल्या. पुढे आलेल्या रिपब्लिकन जो केंट यांना मोटार-दुरुस्तीचं गॅरेज चालवणाऱ्या डेमोक्रॅट मरी ग्लूसेनकॅम्प पेरेझ यांनी सुमारे २,६०० मतांनी हरवलं. पहिली टर्म संपल्यावर, २०२४ मध्ये, मतदारसंघात ट्रम्प पुढे असूनही पेरेझ यांनी केंट यांनाच पुन्हा हरवलं, तेही जास्त फरकाने. समोर कोण उभं राहतं, हा अशा निवडणुकीतला निम्मा भाग आहे आणि तो खासदाराच्या हातात नसतो.

गैरसमज ७: पहिल्या पसंतीत मागे पडलेला उमेदवार जिंकला, तर तो विजय खोटा.

वस्तुस्थिती: २०१८ मध्ये पहिल्या मोजणीत गोल्डन यांच्यापुढे रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन होते, दोघांनाही ५० टक्के मिळाले नव्हते. मेनमध्ये मतदार पसंतीक्रम देतात. दोन अपक्ष बाद झाल्यावर त्यांच्या मतदारांची पुढची पसंती मोजली गेली आणि गोल्डन पुढे गेले. महाराष्ट्रात विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत हीच पद्धत आहे. दुसऱ्या पसंतीवर आलेल्या आमदाराला आपण कमी लेखत नाही. पोलिक्विन यांचा दावा संघराज्य न्यायालयानेही फेटाळला.

तेव्हा अशा खासदाराचं भाकीत कोणी केलं, तर तीन गोष्टी विचारा. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हा मतदारसंघ किती टक्क्यांनी झुकला होता? खासदाराने मागच्या वेळी त्यातली किती दरी भरून काढली? आणि समोर कोण आहे? ही उत्तरं नसतील, तर ते भाकीत नुसता अंदाज समजा.

अशा खासदारांची किंमत केवळ निकालावरून ठरवू नये असं मला मनापासून वाटतं. वेगळ्या विचाराच्या शेजाऱ्यांचंही प्रतिनिधित्व करायला तयार असलेली ही माणसं सभागृहातून कमी झाली, तर नुकसान सर्वांचं आहे. गोल्डन २०२४ मध्ये १ टक्क्याहून कमी फरकाने जिंकले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी पुन्हा न लढण्याचा निर्णय जाहीर केला. चार वेळा मतदारांनी त्यांना निवडलं. पाचव्यांदा त्यांनी मतदारांकडे कौलच मागितला नाही.