गाव एकच, राज्ये चार

डोंगरकडा हे नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे, कळमनुरी तालुक्यातले गाव. इथल्या पारावर नव्वदी गाठलेले कोणी आजोबा भेटले तर त्यांना जन्मतारीख विचारून पाहा. आधार कार्डावर बहुधा १ जानेवारी निघेल. ती लिहिणाराने घातलेली. खरे वय काढायची रीत निराळी आहे. "रझाकाराच्या साली केवढे होता, बाबा?" "गुरं राखत होतो की!" झाले. म्हणजे १९४८ साली दहा-बारा वर्षांचे.

हा माणूस गाव सोडून कुठे राहायला गेला नाही, पण त्याची राज्ये चार झाली. जन्म निजामाच्या मुलखात. कचेरीतला कागद उर्दूत, साल फसली, रुपया हाली सिक्क्याचा. सात हाली मोजावे तेव्हा इंग्रजी सहा मिळत. पैनगंगेपलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड. तिकडची सोयरीक असली तर येताजाता करोडगिरीचा नाका आडवा. मुक्तिलढ्यात पलीकडे उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. मग हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई, १ मे १९६० ला महाराष्ट्र. जिल्हा परभणीचा हिंगोली झाला तो १ मे १९९९ ला.

एवढी उलथापालथ म्हातारी माणसे दोन वाक्यांत उरकतात. बहात्तरच्या दुष्काळाला मात्र दुपार पुरत नाही. बायाबापड्यांनी खडी फोडली, नालाबांध घातले, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या, पोरांना सुकडी मिळाली. तसाच १९५० चा कूळ कायदा. ज्याच्या नावावर जमीन लागली त्याला तीच खरी मुक्ती वाटली, आणि त्यात त्याचे काही चुकले असे आम्हांला वाटत नाही. पुढे पैनगंगेवर ईसापूर धरण झाले, कालवे आले, ज्वारी-कापसाच्या मुलखात ऊस-केळी दिसू लागली.

वयाचा हा हिशेब नुसता गमतीचा नाही. श्रावणबाळ योजनेला पासष्टी पुरी लागते. कागदावर तीन वर्षे कमी पडली की पगार तीन वर्षे लांबतो. आजीचे तर याहून अवघड. तिच्या लग्नाचे सालही कोणी लिहून ठेवलेले नसते. ती बोटे मोजते: थोरली लेक द्वैभाषिकानंतरची, मधला महाराष्ट्र झाल्यावरचा, आणि धाकटा खडीच्या कामावर असताना झाला.