व्यसन सुटल्यावर राहायचे कुठे?

व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला माणूस काही महिन्यांत पुन्हा पिऊ लागला, की 'याच्यात मनोनिग्रहच नाही' असा शेरा आपण सहज मारतो. तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहू.

दारू बंद केल्यावरचा थरकाप, घाम, निद्रानाश हा त्रास बहुतेकांत आठवड्याभरात ओसरू लागतो. शिकलेल्या सवयीचे तसे नसते. घंटा ऐकताच पावलोवच्या कुत्र्याला लाळ सुटे, हे आपण वर्गात शिकवतो. व्यसनी माणसासाठी संध्याकाळची वेळ, पगाराचा दिवस, जुना सोबती, वसई स्टेशनबाहेरचा ठरलेला बार या 'घंटा'च असतात. त्यांच्यामुळे मेंदूतील डोपामिनची यंत्रणा जागी होते आणि ओढ लागते. घंटा वाजूनही दारू न मिळणे वारंवार घडले, तरच ही ओढ क्षीण होते. त्याला वेळ लागतो.

व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अनेक अमेरिकी सैनिक १९७१ मध्ये मायदेशी परतले. ली रॉबिन्स यांच्या पाहणीत त्यांतील सुमारे ५ टक्केच पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेले आढळले. बदललेला परिसर हे याचे एक महत्त्वाचे कारण मानतात.

आपला रुग्ण मात्र त्याच गल्लीत परततो. म्हणून मधल्या मुक्कामाची कल्पना पुढे आली. अमेरिकेत १९७५ मध्ये सुरू झालेल्या 'ऑक्सफर्ड हाउस'मध्ये व्यसन सोडलेली माणसे एकत्र राहतात, भाडे वाटून भरतात, कामे वाटून घेतात. जो पुन्हा नशा करील त्याने घर सोडायचे, हा नियम. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार संपवलेल्या १५० जणांचे दोन गट केले होते. दोन वर्षांनी, अशा घरांत पाठवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के, तर नेहमीच्या व्यवस्थेतील सुमारे ६५ टक्के लोक नशा करताना आढळले.

आपल्याकडे फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्यात 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. वसईतही तिने केंद्र चालवले आहे. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' आहे. मात्र केंद्रातून बाहेर पडल्यावर बहुतेकांचा मुक्काम घरीच असतो. तेव्हा घराची आणि शेजाऱ्यांची जबाबदारी वाढते. येण्याजाण्याची वाट बदलणे, पगार काही काळ पत्नीच्या हाती देणे, संध्याकाळी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जाणे, हे उपाय साधेच, पण घंटा टाळणारे आहेत.

आपल्या वर्गातही अशा घरातले एखादे मूल असेल. 'दारुड्याचा मुलगा' हा शब्द वर्गात कोणी उच्चारू नये, एवढे तरी आपण शिक्षकांनी पाहावे.