केयुगा सरोवराकाठचे इथाका

न्यूयॉर्क राज्यातील केयुगा सरोवराच्या दक्षिण टोकाशी, हिमनद्यांनी कोरलेल्या खोऱ्यात वसलेले इथाका हे लहानसे नगर विद्याव्यासंग आणि निसर्ग यांच्या सहवासाचा, माझ्या मते, दुर्मीळ नमुना होय. तारायंत्राच्या धंद्यात धनाढ्य झालेल्या एझ्रा कॉर्नेल यांनी टेकडीवरची आपली शेतजमीन व ५ लक्ष डॉलर देऊन, अँड्र्यू व्हाइट यांच्या सहकार्याने, १८६५ च्या सनदेन्वये जे विद्यापीठ स्थापिले, तेथेच पुढे व्लादिमीर नाबोकोव्ह यांनी साहित्य शिकविले आणि कार्ल सेगन यांनी खगोलशास्त्र. त्यापूर्वीचा इतिहास मात्र क्लेशकारक आहे: हा मूळचा केयुगा लोकांचा मुलूख, आणि १७७९ च्या अमेरिकी लष्करी मोहिमेत त्यांची गावे व उभी पिके जाळली गेली, हे येथे येणाऱ्याने अवश्य जाणून घ्यावे. जवळचा टॉगॅनक धबधबा २१५ फूट, नायगाऱ्याहूनही उंच. तो वसंतात, बर्फ वितळल्यावर पाहावा.