ट्रेलरविना ट्रक आणि अमेरिकेतील वजनकाटे

अमेरिकेच्या महामार्गांवर धावणारा अवजड मालट्रक हे एकसंध वाहन नसून दोन वाहनांची जोडी असते. इंजिन, चालकाची केबिन आणि ओढणारी चाके ज्या पुढच्या भागात असतात त्याला तेथे ट्रॅक्टर म्हणतात, आणि शेतातल्या ट्रॅक्टरशी त्याचा काही संबंध नसतो. माल वाहणारा मागचा भाग म्हणजे सेमीट्रेलर. त्याला पुढची चाकेच नसतात, त्यामुळे त्याच्या तळाशी असलेली जाड पोलादी खुंटी ट्रॅक्टरच्या पाठीवरील सपाट चकतीत अडकवली की मगच तो रस्त्यावर येऊ शकतो. ट्रेलर एखाद्या गोदामात सोडून ट्रॅक्टर एकटाच पुढच्या कामाला किंवा घरी निघाला, की त्या अवस्थेला बॉबटेल असे नाव आहे. रिकामा ट्रेलर मागे लावून जाणे ही याहून वेगळी गोष्ट असून दोन्हींचे नियमही सर्वत्र सारखे नाहीत. बॉबटेल चालवणाऱ्याला पडणारा नेहमीचा प्रश्न असा, की वाहनात माल नाही आणि मागे ट्रेलरही नाही, तर महामार्गालगतच्या वजनकाट्यावर वळावे लागते काय? या प्रश्नाचे उत्तर देताना वजनकाटा नेमका कशासाठी असतो, याचाच फेरविचार करावा लागतो.

काट्यांचे मूळ अर्थातच वजनात आहे. 1913 मध्ये काही अमेरिकी राज्यांनी ट्रकच्या वजनावर पहिल्या मर्यादा घातल्या, त्यांत मेन राज्याची मर्यादा 18,000 पौंडांची तर मॅसॅच्युसेट्सची 28,000 पौंडांची होती. म्हणजे एकाच देशात, एकाच काळात, रस्ता किती भार सोसतो याविषयी एवढा मतभेद होता. आंतरराज्य महामार्गांची उभारणी सुरू करणाऱ्या 1956 च्या कायद्याने त्या महामार्गांवरील एकूण वजन 73,280 पौंडांवर रोखले, आणि 1974 च्या दुरुस्तीने ते 80,000 पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे 36 टनांपर्यंत वाढवले. त्याच मर्यादेबरोबर एका आसावर 20,000 पौंड आणि जवळजवळ असलेल्या दोन आसांच्या जोडीवर 34,000 पौंड ही बंधनेही आहेत. आसाला एवढे महत्त्व मिळण्याचे कारण इलिनॉय राज्यातील ओटावा या गावाजवळ 1958 ते 1960 या काळात झालेल्या रस्ताचाचणीतून स्पष्ट झाले: रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणून भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट न होता सुमारे सोळापट होते. याशिवाय आस एकमेकांना किती जवळ आहेत यावरून अनुज्ञेय वजन ठरवणारे पुलांसाठीचे एक सूत्रही कायद्यात आहे, कारण तेवढाच भार थोड्या लांबीत एकवटला तर पुलावर ताण अधिक येतो.

या हिशेबात बॉबटेल कोठेच अडकत नाही. तीन आसांच्या एकट्या ट्रॅक्टरचे वजन साधारणपणे 15,000 ते 20,000 पौंडांच्या आसपास असते, झोपण्याची मोठी केबिन असेल तर थोडे अधिक. म्हणजे संपूर्ण वाहनाचे वजन जवळपास एकाच आसाच्या मर्यादेइतके भरते. केवळ वजन हाच निकष असता तर अशा ट्रकला काट्यावर बोलावणे निरर्थक ठरले असते.

परंतु कायदा वाहनाकडे केवळ प्रत्यक्ष वजनाच्या दृष्टीने पाहत नाही. काट्यावर त्या क्षणी भरणारे वजन, निर्मात्याने वाहनासाठी ठरवून दिलेले कमाल वजन आणि मालकाने नोंदणी करताना जाहीर केलेले वजन ही तीन वेगळी परिमाणे आहेत, आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्याने होतो. आंतरराज्य वाहतुकीत निर्मात्याने ठरवलेले किंवा प्रत्यक्ष वजन 10,001 पौंड वा त्याहून अधिक असेल तर ते संघराज्याच्या सुरक्षा नियमांनुसार व्यावसायिक वाहन ठरते. तीन आसांच्या नेहमीच्या ट्रॅक्टरचे ठरवून दिलेले वजन 50,000 पौंडांच्या घरात असते, त्यामुळे मागे काहीही नसले तरी तो पूर्णपणे व्यावसायिक वाहनच राहतो. राज्याराज्यांतील इंधनकराची वाटणी करणाऱ्या करारात तर तीन किंवा अधिक आस असलेले मालवाहन कितीही हलके असले तरी करास पात्र मानले जाते. अवजड वाहनांच्या वार्षिक संघीय करासाठीही ट्रॅक्टरचे वजन मोजताना त्याला नेहमी जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरचा आणि मालाचा भार धरला जातो. कायद्याच्या लेखी ट्रेलर सोडल्याने ट्रकची जात बदलत नाही.

काट्यावर कोणी थांबावे हे मात्र संघराज्य ठरवत नाही, ते राज्ये ठरवतात, आणि येथूनच खरी अडचण सुरू होते. कॅलिफोर्नियात तपासणीची पाटी लावलेली असेल तेथे प्रत्येक व्यावसायिक वाहनाच्या चालकाने थांबलेच पाहिजे आणि न थांबणे हा फौजदारी स्वरूपाचा अपराध आहे. तेथे ट्रेलर आहे की नाही हा मुद्दाच गौण ठरतो. कोलोरॅडोत 26,001 पौंड किंवा त्याहून अधिक ठरवून दिलेले वजन असलेल्या व्यावसायिक वाहनांना प्रवेशनाक्यावर जावे लागते, म्हणून बॉबटेलची तेथूनही सुटका नाही. ओरेगनमध्ये 20,000 पौंडांची रेषा आहे, आणि ज्या ट्रॅक्टरचे प्रत्यक्ष वजन नेमके या आकड्याच्या आसपास असते त्याच्या चालकाला आपण रेषेच्या कोणत्या बाजूला आहोत हे आधी ठाऊक असावे लागते. काही केंद्रांवरील पाट्या बॉबटेलला स्पष्ट शब्दांत वगळतात, काही ठिकाणी रिकाम्या वाहनांसाठी वेगळी मार्गिका असते, तर काही पाट्यांवर केवळ सर्व ट्रक एवढेच लिहिलेले असते. एकाच दिवसात तीन-चार राज्ये ओलांडणाऱ्या चालकाने हे सारे लक्षात ठेवावे ही अपेक्षा अन्यायकारक आहे. वजनाच्या मर्यादा ज्या देशाने पन्नास वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी एकसारख्या केल्या, त्याला थांबण्याचा नियम एकसारखा करणे अशक्य नाही.

तरीही बॉबटेलला तपासणीसाठी बोलावण्यामागे भक्कम कारण आहे, आणि ते वजनात नसून ब्रेकमध्ये आहे. ट्रॅक्टरचे ब्रेक, स्प्रिंगा आणि आस हे सारे जड भार गृहीत धरून बनवलेले असतात. ट्रेलर काढल्यावर मागच्या चाकांवरील भार एकदम कमी होतो आणि वाहनाचे बहुतांश वजन पुढच्या आसावर येते. मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड सैल पडते, जोराने ब्रेक दाबल्यास ती चाके जागीच अडकून घसरू लागतात, आणि ओल्या रस्त्यावर हा धोका आणखी वाढतो. व्यावसायिक परवान्यासाठी अभ्यासल्या जाणाऱ्या पुस्तिकेत चालकांना स्पष्ट ताकीद दिलेली आहे, की बॉबटेल झटके न बसता थांबवणे फार कठीण असते आणि कमाल वजनाने भरलेल्या जोडवाहनापेक्षा त्याला थांबायला अधिक अंतर लागू शकते. हलके वाहन लवकर थांबते ही सामान्य समजूत येथे उलटी पडते. मागच्या चाकांच्या ब्रेककडे जाणारा हवेचा दाब ट्रेलर नसताना आपोआप कमी करणारी झडप अनेक ट्रॅक्टरांत बसवलेली असते, आणि 1 मार्च 1997 पासून बनलेल्या ट्रॅक्टरांवर चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा बंधनकारक आहे. 2009 च्या सुधारित मानकानुसार बहुतेक तीन-आसी ट्रॅक्टरांनी ताशी 60 मैल वेगावरून भारासह 250 फुटांत आणि भाराविना 235 फुटांत थांबले पाहिजे. पूर्वी भारासहची मर्यादा 355 फूट होती. मात्र ही कसोटी नव्या वाहनाची असते. लाखो मैल धावलेल्या ट्रॅक्टरचे ब्रेक सैल झाले आहेत काय, झडप काम करते काय, हवेची नळी कोठे गळते काय, हे रस्त्यावर कोणीतरी वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. तपासणीत एखाद्या वाहनाच्या 20 टक्के किंवा अधिक ब्रेकमध्ये दोष आढळला तर ते जागेवरच सेवेबाहेर काढले जाते. ही तपासणी ज्याला सर्वाधिक हवी, त्या वाहनाला केवळ हलके म्हणून सोडून देणे शहाणपणाचे नाही.

वाहनाबरोबर चालकही तपासला जातो. दहा तासांच्या सलग विश्रांतीनंतर चौदा तासांच्या अवधीत अकरा तासच वाहन चालवण्याची मर्यादा बॉबटेलच्या चालकालाही लागू असते आणि तिची नोंद डिसेंबर 2017 पासून बहुतेक चालकांसाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणात होते. सुटीच्या वेळेत ट्रॅक्टर घरी नेणारा चालक तो काळ वैयक्तिक प्रवास म्हणून नोंदवू शकतो, पण तेवढ्याने तपासणीपासून सूट मिळते हा समज चुकीचा आहे. संघीय यंत्रणेने अशा प्रवासातही वाहन आणि चालक यांची तपासणी होऊ शकते असे स्पष्ट केले आहे.

प्रीपास किंवा ड्राइव्हवाइज यांसारख्या सेवा घेणाऱ्या, सुरक्षेची नोंद चांगली असलेल्या कंपन्यांच्या ट्रकांना केबिनमधील उपकरणावर काट्यावर न थांबता पुढे जाण्याची परवानगी मिळू शकते, आणि बॉबटेललाही ती मिळते. मात्र अधूनमधून अशा ट्रकांनाही तपासणीसाठी आत बोलावले जाते आणि तो इशारा डावलता येत नाही.

भारतातील मोटार वाहन कायद्याच्या कलम 114 नुसार वाहनात मर्यादेपेक्षा जास्त भार असल्याचे मानण्यास कारण असेल तेव्हा अधिकारी ते वजनासाठी नेण्यास सांगतो, म्हणजे तेथे सुरुवात संशयापासून होते. अमेरिकेत ती रस्त्याकडेच्या पाटीपासून होते. म्हणून अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्याने, आणि त्यांत आता भारतीय वंशाचे चालकही मोठ्या संख्येने आहेत, एवढे पाळावे: काटा सुरू असल्याची पाटी दिसली आणि त्या पाटीने, अधिकाऱ्याने किंवा केबिनमधील उपकरणाने स्पष्टपणे सोडले नसेल, तर मागे ट्रेलर असो वा नसो, ट्रक आत वळवावा.